स्टोरेज सर्व्हरच्या सहा डिस्क बदलणे: प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी, सोमवार

ॲरेची (सहाही डिस्क मिळून केलेल्या एकत्रित साठ्याची) मासिक तपासणी पहिल्या रविवारी आपोआप चालते. काल ती चालू असताना स्मार्ट या डिस्कची तब्येत पाहणाऱ्या सेवेकडून मेल आली: खण ४ मधल्या डिस्कवर १९७ क्रमांकाचा आकडा २४. म्हणजे इतकी सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) वाचता आली नाहीत, पण डिस्कने ती अजून बाद केलेली नाहीत. आज सकाळी पाहिलं तर १९७ पुन्हा शून्य. तेवढंच पाहिलं असतं तर ‘आपोआप मिटलं’ म्हणून कुणीही मेल बंद केली असती. पण शेजारचा ५ क्रमांक, म्हणजे बाद करून राखीव जागेत हलवलेली सेक्टर, ८ वरून ३२ वर गेलाय.

कर्नल लॉगमध्ये त्याच वेळच्या ओळी आहेत: वाचनदोष सापडला, दुरुस्त केला. डिस्कने ती जागा वाचून दिली नाही, एमडीने (लिनक्समधला ॲरे सांभाळणारा भाग) बाकीच्या डिस्क आणि पॅरिटीवरून (हरवलेला डेटा परत काढता यावा म्हणून ठेवलेली जादा माहिती) तिथला डेटा पुन्हा तयार केला आणि त्याच जागी लिहिला. लिहिताना डिस्कने ती जागा टाकून दिली आणि दुसरी वापरली. रेडने, म्हणजे अनेक डिस्कवर डेटा पसरून जपणाऱ्या मांडणीने, आपलं काम चोख केलं. त्या डिस्कवरचा भरवसा मात्र संपला.

नोंदीसाठी सध्याची मांडणी: ४ टीबीच्या सहा डिस्क, लिनक्स सॉफ्टवेअर रेड ६, वापरायला १६ टीबी, त्यातली ९१ टक्के भरलेली. थेट ॲरेवर एक्स्ट४ फाइल सिस्टम. आठ हॉट-स्वॅप (मशीन चालू असताना डिस्क बदलता येणारे) खण, त्यातले ७ आणि ८ रिकामे. ऑपरेटिंग सिस्टम वेगळ्या एसएसडीच्या जोडीवर आहे, तिला हात लावायचा नाही. सहाही डिस्क एकाच खरेदीतल्या, सुमारे ४६,००० तास चाललेल्या, म्हणजे सव्वापाच वर्षं. एकीने मान टाकली की बाकीच्यांचं वयही तेच आहे, हे विसरून चालणार नाही.

एक डिस्क बदलून गप्प बसायचं, की सहाही बदलून जागाही वाढवून घ्यायची? जागा तशीही संपत आलीय. सहाही बदलायच्या, ८ टीबीच्या घ्यायच्या, असं ठरलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

खरेदीची यादी केली. सहा नाही, सात डिस्क: सातवी हॉट स्पेअर, म्हणजे एखादी गेली तर लगेच तिची जागा घेणारी. अटी तीन.

पहिली, रेकॉर्डिंग सीएमआर हवं, एसएमआर नको. एसएमआरमध्ये ट्रॅक एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. सलग लिहिताना फरक जाणवत नाही, पण रीबिल्डसारखं (बदललेल्या डिस्कवर डेटा नव्याने भरण्यासारखं) तासन्‌तास लिहिणं आलं की डिस्क स्वतःच्या आवराआवरीत अडकते आणि कंट्रोलरला ती मेल्यासारखी वाटते. नॅससाठी (नेटवर्कवरच्या सामायिक साठ्यासाठी) म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्क आतून एसएमआर निघाल्या होत्या आणि त्यावरून २०२० मध्ये बराच गदारोळ झाला. तेव्हापासून डब्यावरच्या ‘नॅस’ या शब्दावर विसंबायचं नाही, मॉडेल क्रमांकाची डेटाशीट उघडून बघायची.

दुसरी, चुकीच्या सेक्टरवर अडून न बसणारी डिस्क हवी. साधी डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टर वाचायला दोन-दोन मिनिटं झटत बसू शकते. लिनक्स ३० सेकंदांत कंटाळतो आणि लिंकच रीसेट करतो. मग एका सेक्टरपायी पूर्ण डिस्क ॲरेबाहेर जाते. म्हणून एससीटी ईआरसी ही सोय असलेली, ७ सेकंदांत ‘जमत नाही’ असं सांगून मोकळी होणारी डिस्क पाहिजे.

तिसरी, लॉजिकल सेक्टर ५१२ बाइटचं, म्हणजे ५१२ई. जुन्या डिस्क तशाच आहेत. त्यांच्यात फोर-के नेटिव्ह (४०९६ बाइटची सेक्टर असलेल्या) मिसळून नवा प्रश्न उभा करायचा नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पद्धतीवर बैठक. एक मत असं की रेड ६ दोन डिस्क गेल्या तरी तगतं, तर जुनी सरळ ओढायची, नवी घालायची, रीबिल्ड होऊ द्यायचं, पुढची घ्यायची. चालतं हे. बहुतेक ठिकाणी असंच करतात.

माझा विरोध दोन कारणांनी. एक, चालती डिस्क ओढली की आपण स्वतःहून एक पदर काढून टाकतो, आणि तेही सहा वेळा. दुसरं, अशा प्रत्येक रीबिल्डला उरलेल्यांपैकी निदान चार डिस्क पूर्ण वाचाव्या लागतात. सहा फेऱ्यांचं वाचन ९६ टीबीच्या घरात जातं, तेही सव्वापाच वर्षं झिजलेल्या डिस्कवर. अशा डिस्कच्या डेटाशीटवर बहुधा १०^१४ बिटमागे एक न वाचता येणारा सेक्टर ही मर्यादा छापलेली असते. ते १२.५ टीबी होतात. ही कमाल मर्यादा आहे, भाकीत नव्हे. दर १२.५ टीबीला दोष येतोच असं कुणी समजू नये. पण विनाकारण चौपट वाचनही करू नये.

दोन खण रिकामे आहेत, तर एमडीएडीएमचा (ॲरे हाताळायच्या आदेशाचा) रिप्लेस पर्याय वापरायचा. नवी डिस्क आधी बसवायची, जुनी जागेवरच राहते, आणि तिच्यावरून नवीवर नक्कल होते. जुनीवर एखादी जागा वाचता आली नाही तर तेवढीच बाकीच्यांवरून आणि पॅरिटीवरून भरली जाते. नक्कल पूर्ण होईपर्यंत ॲरेच्या दोन्ही पॅरिटी शाबूत. मधेच नवी डिस्क मेली तरी आपण होतो तिथेच. वाचन सगळं मिळून २४ टीबी. कर्नल ३.३ पासून ही सोय आहे, म्हणजे नवी म्हणून बिचकण्याचं कारण नाही.

आधी कोणती? खण ४ वालीच. ‘कमकुवत डिस्कला त्रास नको, आधी धडधाकट बदलू’ हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो, पण तोवर ती कमकुवत डिस्क ॲरेत बसून राहणार.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

कोणत्या खणात कोणती डिस्क याचा नकाशा आज केला. एसडीए, एसडीबी या नावांवर जायचं नाही. रीबूट झालं किंवा डिस्क काढून घातली की ती बदलतात. सिरीयल नंबर तेवढा खरा. प्रत्येक डिस्कचा सिरीयल सिस्टमकडून घेतला आणि लेडसीटीएलने एकेका खणाचा दिवा लावून ट्रेवरच्या चिठ्ठीशी ताडला.

पाच जुळले. खण २ च्या ट्रेवरची चिठ्ठी भलत्याच सिरीयलची निघाली. कधीकाळी डिस्क बदलली गेली असणार आणि ट्रे तोच राहिला. खात्रीसाठी त्या डिस्कवरून नुसतं वाचन चालू केलं. इतर दिवे अधूनमधून लुकलुकत होते, खण २ चा सलग पेटलेला. सगळ्या चिठ्ठ्या फाडून नव्या लावल्या: खणाचा क्रमांक आणि सिरीयलची शेवटची चार अक्षरं, ट्रेच्या दर्शनी बाजूला, ओढण्याआधी वाचता येतील अशी.

एक युक्ती नोंदवून ठेवतो. डिस्क पूर्ण मेली असेल तर तिचा दिवा लावता येत नाही. तेव्हा उरलेल्या सगळ्यांवरून वाचन चालू करायचं. जो खण अंधारात राहील तो आपला.

१० फेब्रुवारी, सोमवार

बॅकअप. रात्रीचा बॅकअप ‘यशस्वी’ म्हणून रोज मेल येते, पण त्यातून फाइल परत आणून पाहिल्याशिवाय डिस्कला हात लावायचा नाही अशी अट घातली होती. तीन विभागांचे फोल्डर वेगळ्या मशीनवर रीस्टोअर केले आणि शा-२५६ चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेले ठसे) ताडले. फाइली शंभर टक्के जुळल्या. परवानग्या जुळल्या नाहीत! गट आणि एसीएल (कुणाला काय करता येतं याच्या याद्या) गायब. बॅकअप घेणाऱ्या आरसिंक प्रोग्रामला एसीएल, विस्तारित गुणधर्म आणि हार्ड लिंक सांभाळायचे पर्यायच दिलेले नव्हते. डेटा परत आला असता, पण कोण काय उघडू शकतो हे हाताने लावत बसावं लागलं असतं. पर्याय जोडले. आज रात्री पूर्ण बॅकअप नव्याने.

११ फेब्रुवारी, मंगळवार

बॅकअप झाला, परवानग्यांसकट पुन्हा ताडला, जुळला.

फाइल सिस्टमचे गुणधर्म वाचताना एक गोष्ट दिसली. यादीत ‘६४बिट’ नाही. ही फाइल सिस्टम मुळात फार आधीच्या, लहान डिस्कवर बनली आणि तेव्हापासून वाढवत आणली. ई२एफएसप्रोग्सच्या (एक्स्ट४ बनवण्या-सांभाळण्याच्या साधनांच्या) १.४३ आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून, नवी एक्स्ट४ आपोआप ६४बिट बनते. त्याआधीची ४ केबी ब्लॉक धरून १६ टीआयबीला (टीआयबी म्हणजे १०२४ च्या पटीत मोजलेला टीबी) अडते. आजचे १६ टीबी म्हणजे १४.५५ टीआयबी, म्हणून आतापर्यंत काही जाणवलं नाही. ८ टीबीच्या डिस्कवर ३२ टीबी, म्हणजे २९.१ टीआयबी होणार. सहा डिस्क बदलून झाल्यावर शेवटच्या आदेशाला ‘इतकी वाढवता येत नाही’ असं उत्तर आलं असतं.

रूपांतर करता येतं, पण अनमाउंट करून. त्यात मेटाडेटा (कोणती फाइल कुठे आहे याची नोंद) नव्याने लिहिला जातो, म्हणून ते आत्ता, खण ४ च्या डिस्कसह, नको. सगळ्या डिस्क नव्या झाल्यावर आणि वाढवण्याआधी करू. १ मार्चला शनिवारी सेवा बंद ठेवायची परवानगी मागितली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

डिस्क आल्या. चाचणी मशीनवर पहिली लावली तर फिरेचना. आवाज नाही, बायोसमध्ये नाही. परत पाठवायची तयारी सुरू झाली होती, पण दुसरीही तशीच, तिसरीही. सातही डिस्क मेलेल्या येत नाहीत.

कारण वीजजोडणीत. साटा ३.३ च्या मानकापासून पॉवर जोडणीच्या तिसऱ्या पिनेला नवं काम मिळालं: तिच्यावर ३.३ व्होल्ट आले की डिस्क बंद राहते. दुरून डिस्क बंद-चालू करता यावी म्हणून ही सोय. चाचणी मशीनचा पॉवर सप्लाय जुना, तो त्या पिनेवर कायम ३.३ व्होल्ट देतो. मोलेक्सवरून साटा करणारी जोडणी लावली (तिच्यात ३.३ ची तारच नसते) आणि डिस्क घरघरली. सर्व्हरच्या बॅकप्लेनवर (खणांमागची, डिस्क जिला जोडल्या जातात ती पाटी) ही अडचण नाही. रिकाम्या खण ७ मध्ये एक घालून पाहिली, लगेच दिसली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

नव्या डिस्कची तपासणी चालू. खराब जागा शोधणाऱ्या बॅडब्लॉक्सचे चारही नमुने लिहायचे-वाचायचे म्हटलं तर ८ टीबीला पाच दिवसांच्या वर जातात. एकच नमुना, पूर्ण लिहून पूर्ण वाचणं, त्यावर स्मार्टची लांब चाचणी, एवढं पुरे मानलं. ब्लॉकचा आकार ४०९६ देणं भाग आहे. मूळच्या १०२४ वर ब्लॉकची संख्या ३२ बिटांत मावत नाही आणि आदेश सुरूच होत नाही.

ईआरसी सातही डिस्कवर ७ सेकंद. काही डिस्क वीज गेल्यावर हे विसरतात, म्हणून बूटच्या वेळी पुन्हा लावणारी स्क्रिप्ट घातली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सातही पास. संध्याकाळी काम सुरू.

खण ७ मध्ये नवी डिस्क. जीपीटी, एक पार्टिशन, सुरुवात १ एमआयबीवर, शेवटी १०० एमबी मोकळे. ही मोकळी जागा पुढच्या खरेदीसाठी. काही वर्षांनी वेगळ्या कंपनीची ८ टीबी आली आणि ती चार सेक्टरने लहान निघाली तर अडायला नको. मग ॲड, आणि मग खण ४ च्या जागी ही, असा रिप्लेस.

एमडीस्टॅटमध्ये (ॲरेची स्थिती दाखवणारी फाइल) नव्या डिस्कपुढे ‘आर’, आणि कंसात सहाच्या सहा यू, म्हणजे सहाही जागा ठीक. खाली रिकव्हरीची पट्टी चालतेय आणि वर एकही रिकामी खूण नाही. हेच हवं होतं. वेग सेकंदाला १४५ एमबीच्या आसपास. नवी डिस्क ८ ची असली तरी नक्कल ४ टीबीचीच, कारण ॲरेचा घटक अजून तेवढाच आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

रात्रीतून पूर्ण. लॉगमध्ये तीन ठिकाणी वाचनदोष, तिन्ही पॅरिटीवरून भरले. ही डिस्क आधी ओढून रीबिल्ड केलं असतं तर हे दोष कळलेही नसते हे खरं, पण त्या वेळी दुसऱ्या डिस्कवर दोष निघाला असता तर हाताशी एकच पॅरिटी उरली असती.

सकाळच्या पाळीसाठी सूचना फळ्यावर लिहिली: नक्कल संपल्यावर जुन्या डिस्कपुढे ‘एफ’ दिसतो. ती बिघाडाची खूण नाही. एमडी काम संपलेल्या डिस्कला असंच बाजूला काढतो. यू सहा आहेत ना, ते बघा.

जुनी ॲरेतून रिमूव्ह केली, कर्नलला तिचा निरोप दिला, डिस्क थांबल्याचा आवाज ऐकला आणि सिरीयल दोघांनी मोठ्याने वाचून मगच खण ४ चा ट्रे ओढला. संध्याकाळी दुसरी: नवी खण ८ मध्ये, खण २ च्या बदली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

रात्री वेग १५० वरून ४० वर आला. लॉगमध्ये लिंक रीसेटच्या ओळी, लिंकचा वेग ६ वरून ३ गिगाबिटवर उतरलेला. पहिला संशय नव्या डिस्कवर जातो, पण तिचे ५, १९७, १९८ तिन्ही शून्य. वाढत होता तो १९९, म्हणजे सीआरसी दोष: काल शून्य, पहाटे ११, मग १४. हा आकडा प्लॅटरचा नाही, वाटेचा आहे. डिस्क आणि कंट्रोलरच्या मधे कुठेतरी बिट बिघडताहेत.

खण ५ ते ८ एकाच केबलवर आहेत. ५, ६ आणि ७ निमूट चाललेत, म्हणजे केबल नाही, खण ८ चा जोड. टॉर्च लावून आत पाहिलं. सर्व्हर आल्यापासून हा खण रिकामाच, तोंडाला झाकणही नाही, आणि बॅकप्लेनच्या जोडावर धुळीचा करडा थर.

नव्या डिस्कला फेल केलं आणि बाहेर काढलं. ॲरे जागचा हलला नाही, सहा यू तसेच, वापरणाऱ्या कुणाला पत्ताही नाही. तीच डिस्क रिकाम्या झालेल्या खण ४ मध्ये घालून रिप्लेस पुन्हा सुरू केला. नक्कल पहिल्यापासून करावी लागते, तेवढी रात्र फुकट. १९९ चा आकडा १४ वर थांबला. तो कधीच शून्यावर येत नाही, म्हणून ‘१४ हा जुना’ असं डिस्कच्या नोंदीत लिहिलं, नाहीतर पुढच्या वर्षी कुणीतरी ती चांगली डिस्क परत पाठवेल. खण ८ वर चिकटपट्टी: वापरू नये.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

खण २ आणि १ च्या झाल्या. आज ३. दिवसा वेग निम्म्यावर येतो, कारण एमडी वापरणाऱ्यांना आधी वाट देतो. किमान वेगाची मर्यादा वाढवली तर नक्कल लवकर संपेल, पण फाइली उघडायला वेळ लागतो म्हणून फोन येतील. मर्यादा रात्रीच वाढवायची, सकाळी पूर्ववत. घाई कसली? दोन्ही पॅरिटी जागेवर आहेत.

२६ फेब्रुवारी, बुधवार

खण ५ आणि ६ च्याही झाल्या, विशेष काही नाही. नव्या डिस्क ७,२०० आरपीएमच्या. नक्कल चालू असताना ४४ अंशांपर्यंत गेल्या, आता ३८. सातवी खण ६ मध्ये स्पेअर म्हणून घातली. मॉनिटरची चाचणी मेल पाठवून पाहिली, पोचली. ॲरेची यूयूआयडी (ओळख क्रमांक) तीच असल्याने कॉन्फिगरेशनमध्ये बदल नाही.

१ मार्च, शनिवार

सेवा सकाळी बंद. पहिल्या रविवारची तपासणी आज रात्रीच येणार होती, ती आधी थांबवली.

क्रम असा: अनमाउंट, ई२इमेजने मेटाडेटाची नक्कल दुसऱ्या मशीनवर, सक्तीचं एफएसचेक (फाइल सिस्टमची तपासणी), मग ६४बिटमध्ये रूपांतर, पुन्हा एफएसचेक. दोन्ही वेळा स्वच्छ. दुपारपर्यंत माउंट करून सेवा चालू.

नंतर ॲरे वाढवणं. त्याआधी राइट-इंटेंट बिटमॅप (कुठे लिहिणं चालू आहे याची नोंद) काढला. बिटमॅप ठेवून आकार वाढवला आणि त्याला जागा पुरली नाही तर ॲरेच जाऊ शकतो, असा इशारा आहे. मग ग्रो, आकार कमाल. नव्या अर्ध्या भागाची पॅरिटी बसवायला रीसिंक सुरू. ‘असं समजा की स्वच्छच आहे’ म्हणून ते वगळणारा पर्याय आहे, तो वापरला नाही. बिटमॅप रीसिंक संपल्यावर परत लावू. तोवर मशीनची वीज जाऊ द्यायची नाही, यूपीएस सकाळीच तपासलंय.

२ मार्च, रविवार

रीसिंक पहाटे संपलं. बिटमॅप परत लावला. रीसाइझ२एफएस माउंट असतानाच चालवलं, काही मिनिटांचं काम. भरलेली जागा आता ४५ टक्के. थांबवलेली तपासणी हाताने सुरू केली.

४ मार्च, मंगळवार

तपासणी काल संपली. मिसमॅच (डेटा आणि पॅरिटी न जुळणाऱ्या जागा) शून्य, कोणत्याही डिस्कवर नवं सेक्टर बाद नाही, खण ४ चा १९९ अजून १४.

६ मार्च, गुरुवार

जुन्या सहा डिस्क कपाटात आहेत आणि ‘अडचण आली तर त्या लावू’ असं दोघांकडून ऐकलं. त्या लावून जुना ॲरे उभा राहणार नाही. प्रत्येक वेगळ्या दिवशी निघाली, प्रत्येकीवरचा डेटा वेगळ्या क्षणाचा आहे आणि इव्हेंट काउंट (ॲरेतल्या बदलांची मोजणी) एकमेकांशी जुळत नाहीत. शिवाय सगळ्यांच्या सुपरब्लॉकमध्ये (डिस्कवरची ॲरेची ओळखनोंद) चालू ॲरेचीच यूयूआयडी आहे. एखादी याच सर्व्हरच्या खणात गेली तर नसता गोंधळ.

म्हणून आज चाचणी मशीनवर सहाही डिस्कचे सुपरब्लॉक शून्य केले. पाचांवर डिस्कच्या आतलं सुरक्षित पुसणं चालू आहे, एकेकीला तासन्‌तास लागताहेत. पूर्वी खण ४ मध्ये होती ती पुसून भागणार नाही. बाद सेक्टरमध्ये कुणाच्या तरी फाइलचे तुकडे राहिलेत आणि बाहेरून लिहिलेलं तिथे पोचत नाही. तिला भोक पाडून नष्ट करायची. मंजुरीचा अर्ज दिलाय, सिरीयल नंबर सोबत जोडलाय.

खण ८ चा बॅकप्लेन पुढच्या नियोजित बंदच्या वेळी साफ करायचा आहे. त्या रिकाम्या खणाला झाकण मागवलं.